जागा आधी मोजा, चाक मग बसवा

(पद्मनाभपुर, जि. दुर्ग येथे झालेल्या सभासद मेळाव्यातील युनियन सचिवांच्या भाषणाचा मजकूर)



आज मागण्यांवर बोलायचे नाही. आपल्यापैकी बरेच जण नोकरीच्या निमित्ताने दुर्ग-भिलाईत आले आणि इथलेच झाले. नातेवाईक मात्र गोंदिया, भंडारा, नागपूरकडे आहेत. लग्नकार्य निघाले, रेल्वेत जागा मिळाली नाही, की घरची जुनी गाडी काढायची आणि पाच माणसे बसवून निघायचे. या गाड्यांना अलीकडे मुले मोठी, रुंद चाके बसवून आणतात. गाडी दिसते छान, पण वळणावर किंवा स्पीडब्रेकरवर टायर आत कुठेतरी घासतो. "थोडा आवाज येतो, चालायचेच," असे म्हणून सोडून देतात. हे चालायचे नाही, म्हणून आज आम्ही उभे आहोत.

आमच्या एका सभासदाच्या गाडीचेच पाहा. बाहेरून टायर नवाकोरा. चाक काढले तेव्हा आतल्या बाजूला रबर घासून धागे दिसू लागले होते. टायरची बाजूची भिंत ही नक्षीच्या भागापेक्षा पातळ असते. ती कापली गेली की टायर फुटतो, आणि तो भर वेगात फुटतो. आतली बाजू उभ्या गाडीत कोणाच्या नजरेस पडत नाही, खरा धोका तिथे आहे.

आपण रेल्वेची माणसे. गेज लावल्याशिवाय आपण चाक पास करतो का? ब्रॉड गेजच्या दोन चाकांमधले आतले अंतर १६०० मि.मी. धरलेले आहे आणि त्यात सवलत दोन-तीन मिलिमीटरचीच. या मार्गाचा इतिहासही तेच सांगतो. नागपूरहून राजनांदगावपर्यंत आलेली पहिली नागपूर-छत्तीसगड रेल्वे मीटर गेजची होती. १८८७ साली बंगाल नागपूर रेल्वे कंपनी झाली आणि मार्ग ब्रॉड गेज झाला, तेव्हा जुने डबे त्यावर चालणे शक्यच नव्हते. चाक बदलले की त्याच्या भोवतालचे सगळे बदलते. ड्युटीवर आपण हे पाळतो. घरच्या गाडीला मात्र दुकानदार म्हणतो "बसते साहेब," आणि आपण पैसे मोजतो.

आता हिशेब करू. तो मॅट्रिकच्या वर्गातलाच आहे. मारुती ८०० ही गाडी १९८३ पासून २०१४ पर्यंत बनली, आपल्या वस्तीत अजून दिसते. तिच्या टायरवर सहसा १४५/७० आर १२ असे लिहिलेले असते. १४५ ही टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये. ७० म्हणजे भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे साधारण १०१ मि.मी. १२ हा रिमचा व्यास इंचांत. दोन्ही बाजूंच्या भिंती आणि रिम मिळून चाकाची पूर्ण उंची सुमारे ५०८ मि.मी. होते.

त्याच १२ इंची रिमवर कोणी १५५/७० टायर चढवला, तर रुंदी १० मि.मी.च वाढली असे वाटते. पण ७० टक्के आता १५५ चे धरायचे, त्यामुळे उंचीही १४ मि.मी. वाढते. आणि १५५/७० आर १३ घेतला तर उंची ५४७ होते. म्हणजे मडगार्ड आणि टायर यांमधली वरची जागा सुमारे २० मि.मी. कमी झाली. शिवाय काटा ६० दाखवतो तेव्हा गाडी ६५ च्या आसपास धावत असते. पोलिसाने अडवले तर काट्याकडे बोट दाखवून उपयोग नाही.

दुसरी गोष्ट रिमची. रिमवर 'ईटी' अक्षरे आणि पुढे एक आकडा असतो, त्याला ऑफसेट म्हणतात. रिमच्या मध्यापासून हबला टेकणारी बाजू किती बाहेर आहे, ते हा आकडा सांगतो. आकडा कमी झाला की चाक तितके मिलिमीटर बाहेर येते आणि मडगार्डच्या कडेला लागते. आकडा वाढला की चाक आत जाते आणि शॉकअबसॉर्बरला किंवा ब्रेकच्या नळीला लागते. समजा, रिम एक इंच रुंद घेतली आणि ऑफसेट १० ने कमी झाला. रुंदीचे अर्धे, म्हणजे साडेबारा मिलिमीटर, आणि वरचे १० मिळून चाक साडेबावीस मिलिमीटर बाहेर आले. कागदावर पाच मिनिटांत कळणारी ही गोष्ट आहे. हबच्या बोल्टांमधले अंतर आणि हबचे मधले भोकही जुळले पाहिजे, आणि अलॉय रिमला तिच्या बैठकीचेच नट हवेत.

तिसरी गोष्ट, गाडी जुनी आहे. स्प्रिंगा बसलेल्या असतात, बुश झिजलेले असतात, मडगार्डचा पत्रा गंजून आत वळलेला असतो. डिकीत गॅसची टाकी असेल तर मागची बाजू आणखी खाली. नव्या गाडीत जिथे दोन बोटे जागा होती, तिथे आता एकच उरलेली असते. म्हणून दुसऱ्याच्या गाडीला बसले ते आपल्याही गाडीला बसेल, असे धरू नका.

तपासायचे कसे? दुकानात गाडी रिकामी आणि चाके सरळ असतात, तेव्हा काहीच घासत नाही. जॅकवर उचललेले चाक तर खाली लोंबते आणि जागा भरपूर दिसते. त्यावर विश्वास ठेवू नका. मडगार्डच्या आत आणि शॉकअबसॉर्बरवर मळलेल्या कणकेचे गोळे चिकटवा. टायरच्या दोन्ही कडांना खडू लावा. गाडीत पाच माणसे बसवा. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण डावीकडे, मग पूर्ण उजवीकडे फिरवून पुढे आणि मागे हळू चालवा. एक चाक उंचवट्यावर चढवा, स्पीडब्रेकरवरून न्या. नंतर खडू कुठे पुसला आणि कणीक किती चेपली ते पाहा. निदान बोटभर जागा उरलीच पाहिजे, कारण चालताना रबर दबते आणि फुगते.

घासत असेल तर काय करावे? आधी स्प्रिंगा आणि बुश नीट करून घ्या. मडफ्लॅपचा बोल्ट आत आला आहे का तेही पाहा. कधी कधी रोग तेवढाच असतो. तरीही घासले तर चाक परत करा. स्प्रिंगेत रबराचे ठोकळे घालणे, हबवर चकत्या लावून चाक बाहेर काढणे, मडगार्डची कड हातोड्याने ठोकणे, हे उपाय नव्हेत. त्याने आवाज थांबतो, पण चकतीमुळे नटाला धरायला आटे कमी उरतात आणि ठोकलेल्या पत्र्याला गंज चढतो. चाक बसवले की नट समोरासमोरचे आळीपाळीने आवळा आणि ५० ते १०० किलोमीटरनंतर पुन्हा आवळा. नव्या टायरची वजन पेलण्याची क्षमता जुन्यापेक्षा कमी असता कामा नये.

कायद्याचेही एक सांगतो. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने ठरवून दिलेल्या मूळ प्रमाणाच्या बाहेर गाडीत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये हेच स्पष्ट केले. अपघात झाला तर असा बदल पुढे करून विमा कंपनी दावा अडवू शकते. म्हणून गाडीसोबत मिळालेले पुस्तक उघडा आणि त्यात दिलेल्या मापांतलेच चाक घ्या.

शेवटी एक विनंती. आपल्यात बरेच जण निवृत्त होऊन हाती आलेल्या पैशातून जुनी गाडी घेतात. काहींची मुले भाड्याच्या गाड्या चालवतात. मालकाने बसवलेले चाक घासत असेल तर त्या मुलाने बोलले पाहिजे, कारण टायर फुटतो तेव्हा स्टिअरिंगवर मालक नसतो. इथे यार्डात आणि शेडमध्ये गेज हाताळलेली माणसे बसली आहेत. शेजाऱ्याने नवी चाके आणली तर त्याला नावे ठेवू नका. टेप घेऊन त्याच्या गाडीखाली वाका आणि जागा मोजून द्या. पुढच्या आठवड्यात लग्नाचे मुहूर्त आहेत, जी. ई. रोडवर गर्दी राहील. निघण्यापूर्वी प्रत्येकाने आपल्या चाकाच्या आतल्या बाजूवरून एकदा हात फिरवावा.

एवढे बोलून आम्ही थांबतो.