पडद्यावरील पहिले गवई

चित्रपटाला वाचा फुटली ती संवादांसाठीं, असा सर्वसाधारण समज आहे. वॉर्नर बंधूंच्या ‘व्हायटाफोन’ यंत्रानें मात्र प्रथम गाण्याचीच वाट धरली. ता. ६ ऑगस्ट १९२६ रोजीं न्यूयॉर्क येथील वॉर्नर नाट्यगृहांत ‘डॉन जुआन’ हा चित्रपट दाखविण्यांत आला. त्याला संगीताची साथ होती, पण त्यांतील पात्रें मुकींच होतीं. त्याच्या आधीं जीं लघुचित्रें झालीं, त्यांत एक औपचारिक भाषण सोडलें तर सारा थाट संगीताचाच होता. मिशा एल्मनचें व्हायोलिन झालें, अॅना केसचें गाणें झालें. तिच्या सोबत कान्सिनो कुटुंबांतील स्पॅनिश नर्तक नाचले. पुढें रीटा हेवर्थ या नांवानें गाजलेली नटी याच कुटुंबांतली, त्या वेळीं अवघी सात वर्षांची.

त्या रात्रीं बाजी मारली ती जिओव्हान्नी मार्टिनेल्ली यानें. ‘पाल्याच्ची’ या संगीतिकेंतील विदूषकाचें शोकगीत त्यानें गाइलें. हाच प्रसंग थोर गायक कारुसो यानें १९१८ सालच्या ‘माय कझिन’ या मूकपटांत रंगविला होता. ओठ हलत होते, पण स्वर कोठून यावा? कारुसो १९२१ सालीं निवर्तला. अवघ्या पांच वर्षांचें अंतर, परंतु तेवढ्यानें त्याचें गातें चित्र कायमचें हुकलें. मार्टिनेल्लीनें पुढें ‘आईदा’, ‘फाउस्ट’ इत्यादि संगीतिकांतील प्रवेश याच रीतीनें चित्रित करून घेतले.

हें काम सोपें मुळींच नव्हतें. ध्वनि फितीवर नसे. सोळा इंच व्यासाच्या तबकडीवर असे. ती मिनिटास ३३⅓ फेरे घेई व तिची सुई आंतून बाहेर सरके. चित्र आणि आवाज एकाच वेळीं टिपले जात. मेणाच्या तबकडीवर कापाकापी अशक्य. नवव्या मिनिटाला सूर ढळला तर पुन्हां आरंभापासून गावें लागे. कॅमेऱ्याची खडखड ऐकूं येऊं नये म्हणून त्याला चालकासह बंद खोलींत कोंडीत. मॅनहॅटन ऑपेरा हाउसमध्यें ध्वनिलेखन चाललें असतां भुयारी रेल्वेच्या खोदकामाचे धक्केहि तबकडीपर्यंत पोंचत. प्रेक्षकांच्या टाळ्या नाहींत, समोर केवळ यंत्र, अशा स्थितींत भावना उभी करणें हें रंगभूमीवर वाढलेल्या गायकाला किती जड गेलें असेल!

मेरियन टॅली हिची हकीकत याहून करुण आहे. कॅन्सस सिटीची ही मुलगी वयाच्या एकोणिसाव्या वर्षीं, १९२६ च्या फेब्रुवारींत, मेट्रोपॉलिटन ऑपेराच्या रंगमंचावर आली, तेव्हां तिचा फार बोलबाला झाला होता. व्हायटाफोनवर तिनें ‘रिगोलेत्तो’मधील गीत गाइलें. परंतु कॅमेरा फार जवळ गेला. शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोंचविण्यासाठीं जबडा उघडावा लागतो, मान ताणावी लागते. नाट्यगृहांत दुरून तें खुपत नाहीं, पडद्यावर तेंच दसपट मोठें होतें. समीक्षकांनीं जवळच्या चित्रणाला नांवें ठेविलीं. खरें पाहतां तो दोष गळ्याचा नव्हता. टॅलीनें १९२९ सालीं मेट्रोपॉलिटन सोडलें.

आपल्याकडेहि रंगभूमीच्या गायकांना पडद्याचा हा निराळा हिशेब चुकला नाहीं. नाटकांत स्त्रीभूमिकांनीं रसिकांना वेड लावणारे बालगंधर्व १९३५ सालीं प्रभातच्या ‘धर्मात्मा’मध्यें संत एकनाथांच्या पुरुषवेषांत आले, तें स्मरावें.

व्हायटाफोनची पद्धत अल्पायुषी ठरली. फितीच्या कडेलाच ध्वनि उमटूं लागल्यावर तबकड्यांचें काम संपलें. एक तबकडी सुमारे वीस वेळां वाजविली कीं बदलावी लागे. त्यामुळें चित्र एकीकडे व आवाज दुसरीकडे अशी ताटातूट झाली. कांहीं गायकांची नुसती मुकी फीत उरली, कांहींचा नुसता स्वर. १९९१ सालीं अमेरिकेंतील कांहीं संग्राहकांनीं एकत्र येऊन खासगी घरांतील तबकड्यांचा शोध आरंभिला, आणि चित्रसंग्रहालयांतील फितींशीं त्या जुळवून अनेक लघुचित्रें पुन्हां सस्वर करण्यांत आलीं.