दागिना धुताना सोन्यापेक्षा धागा सांभाळा

(मंडळाच्या मदतनिधी कार्यक्रमातील भाषणाचा मजकूर)



गणपती जवळ आले, सुट्टीची तिकिटं काढली, की आपल्याकडे दागिने कपाटातून बाहेर येतात. जेद्दा-दम्मामचा दमट घाम, रियाधची धूळ, त्यावर क्रीम आणि अत्तर. दागिना मळणारच. मग कोणी सांगतं लिंबू चोळ, कोणी टूथपेस्ट, कोणी ब्लीचचे दोन थेंब. आज मी एवढंच सांगणार आहे की धुण्यामुळे सोनं सहसा बिघडत नाही, सोन्याला धरून ठेवणाऱ्या वस्तू बिघडतात. काळजी त्यांची घ्या.

आधी साधं सोनं. आपल्याकडचं २२ कॅरेट म्हणजे ९१६, इथल्या सूकमध्ये जास्त दिसतं ते २१ कॅरेट म्हणजे ८७५. साध्या बांगड्या, चेन यांना वाडगाभर कोमट पाणी, भांड्याच्या सौम्य साबणाचा थेंब किंवा आजीच्या पद्धतीने रिठ्याचं पाणी पुरतं. दहा मिनिटं भिजवा, लहान मुलांच्या मऊ ब्रशने हलकेच घासा, गाळणीत धरून धुवा आणि सुती कापडाने टिपा. उघड्या बेसिनमध्ये मात्र धुऊ नका. टूथपेस्टमध्ये घासणारे कण असतात, मऊ सोन्यावर ओरखडे पडतात.

हिऱ्याची अंगठी बहुधा १८ कॅरेटची, म्हणजे ७५०. बाकी चांदी, तांबं वगैरे. ब्लीचमधलं क्लोरीन या मिश्रणाला खातं आणि हिरा धरणारी बारीक नखं कमजोर होतात. फरशी पुसताना, पोहायला जाताना अंगठी काढून ठेवा. पाचूची गोष्ट वेगळी. त्याच्या भेगांत बहुतेक वेळा तेल भरलेलं असतं. गरम पाण्याने किंवा अल्ट्रासॉनिक यंत्राने ते निघून जातं आणि भेगा दिसू लागतात.

आता आपले मराठी दागिने. ठुशी, कोल्हापुरी साज, मंगळसूत्राच्या वाट्या यांच्या पोकळीत पुष्कळदा लाख भरलेली असते. गरम पाण्यात ती मऊ पडते, मग वाटी चेपते. हे दागिने भिजवायचे नाहीत, ओलसर कापडाने पुसायचे. तन्मणी, चिंचपेटी रेशमात ओवलेली असते. ओला रेशीम सैल पडतो आणि आतून कुजतो. धागा मळला तर धुऊ नका, नव्याने ओवून घ्या.

आणि नथ! जुन्या नथीतला बसरा मोती आला कुठून? याच आखातातून. दम्मामजवळच्या कतीफ-दारीनला, समोरच्या बहारीनला मोत्यांचा मोठा व्यापार होता. पाणबुडे शिंपले काढत, मोती मुंबईच्या बाजारात विकायला येत. १९३० च्या दशकात जपानच्या संवर्धित मोत्यांनी आणि जागतिक मंदीने तो व्यापार बसवला. म्हणून आजीच्या नथीतला मोती पुन्हा तसा मिळणं अवघड. मोती हा मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे खडूच्याच जातीचा. लिंबू, चिंच, व्हिनेगर त्याला विरघळवतात, घामाने तो निस्तेज होतो. अत्तर आधी, नथ शेवटी. घरी आल्यावर पहिली नथ काढा, मऊ कापडाने पुसा, कापडी पिशवीत ठेवा.

दुकानात पॉलिशला देताना वजन आपल्यासमोर करून घ्या आणि परत घेतानाही करा. पॉलिशमध्ये थोडं सोनं जातंच, पण किती गेलं हे कळलं पाहिजे.

शेवटची गोष्ट सर्वांत महत्त्वाची. आपण इथे, आईवडील गावी एकटे. दुपारी दारावर कोणी येतो, 'दागिने उजळून देतो' म्हणतो. आधी पितळेचा तांब्या चकचकीत करून दाखवतो, मग बांगड्या मागतो. त्याच्या भांड्यात अम्लराज असतं, म्हणजे मिठाच्या आणि शोऱ्याच्या तीव्र आम्लांचं मिश्रण. बांगडी चमकून परत मिळते, पण तिच्यातलं सोनं विरघळून भांड्यात राहतं. काही वेळा तर बांगडीच परत मिळत नाही. या शुक्रवारी घरी फोन कराल तेव्हा तब्येतीच्या चौकशीबरोबर हेही सांगा: "आई, दारावर कोणालाही दागिना द्यायचा नाही, दाखवायचासुद्धा नाही."

दागिन्यांना हात हलका लावा मंडळी, आणि मदतनिधीसाठी मात्र हात सैल सोडा.