शस्त्रक्रियेनंतरची पथ्ये आणि आपली पंगत

(पुनावळे येथे समाजाच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आजवर या व्यासपीठावरून शिक्षण, विवाहातील खर्च, व्यसनमुक्ती अशा विषयांचा ऊहापोह झाला आहे. यंदा कार्यकारी मंडळाने मला निराळाच विषय नेमून दिला : वजन घटविण्यासाठी पोटाची शस्त्रक्रिया झाल्यावर तिचे यश वर्षानुवर्षे कसे टिकवावे. हा विषय रुग्णालयातला. ज्ञातिसंमेलनात त्याचे काय काम, असे कोणास वाटेल. परंतु शल्यविशारदाचे काम काही तासांत आटोपते. त्यापुढचे सारे आयुष्य रुग्णाला घरात, स्वयंपाकघरात आणि पंगतीत काढावयाचे असते. म्हणून हा विषय जितका डॉक्टरांचा, तितकाच आपलाही आहे.

पवनेच्या परिसरातील हे पुनावळे १९९७ साली पिंपरी-चिंचवड महापालिकेत आले. बांधावरून चालणारे पाय मोटारीत बसले. हिंजवडीच्या कचेऱ्यांत रात्रपाळी करणारी आपली मुले-मुली आठ-दहा तास खुर्चीतून हलत नाहीत. कष्ट उणे झाले, पण ताटातला वाढा मात्र कष्टकऱ्याचाच राहिला. त्यातून आपली देहप्रकृतीही काहीशी वेगळी आहे. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःची व आपले इंग्रज सहकारी डॉ. यूडकिन यांची तुलना मांडली. उंचीच्या मानाने दोघांचे वजन अगदी सारखे. परंतु यूडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के, तर याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के निघाली. तेव्हा मधुमेह आणि रक्तदाब यांनी आपल्याला लवकर गाठावे, यात नवल नाही.

अशा व्याधींसह अतिस्थूलता आली आणि इतर उपाय थकले, म्हणजे शस्त्रक्रियेचा सल्ला मिळतो. तिचे दोन प्रकार विशेष प्रचारात आहेत. एकात जठराचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग काढून टाकतात. दुसऱ्यात जठराची एक छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्यास जोडतात. यास बायपास म्हणतात. अमेरिकेतील डॉ. एडवर्ड मेसन यांनी १९६६ मध्ये या पद्धतीचा पाया घातला. दोहोंत नुसते पोट लहान होते असे नव्हे. भूक आणि तृप्ती यांचे संदेश देणारी शरीरातील द्रव्येही बदलतात. आरंभीच्या महिन्यांत भूक मंदावते ती यामुळेच.

पण हे सुख किती टिकते? स्वीडनमध्ये १९८७ पासून शस्त्रक्रिया झालेल्या सुमारे दोन हजार रुग्णांचा मागोवा घेण्यात आला. तितक्याच शस्त्रक्रिया न झालेल्यांशी त्यांची तुलना केली गेली. बायपास झालेल्यांचे वजन पहिल्या एक-दोन वर्षांत सरासरी ३२ टक्के उतरले; दहा वर्षांनी ही घट २५ टक्के राहिली. मधुमेह असलेल्यांपैकी दोन वर्षांनी ७२ टक्के त्यातून मोकळे झाले होते. दहा वर्षांनी ३६ टक्केच तसे राहिले. तरीही शस्त्रक्रिया झालेल्यांत मृत्यूचे प्रमाण कमी आढळले. यातून दोन बोध घ्यावयाचे. शस्त्रक्रिया व्यर्थ नाही, हा पहिला. आणि थोडे वजन परत येणे हा शरीराचा धर्म आहे, पाप नव्हे, हा दुसरा. घटलेला देह मूळ वजनाकडे परतू पाहतो. कमी अन्नात भागवावयास शिकतो आणि भूक पुन्हा जागी करतो. म्हणून दोन-चार किलो वाढले की तोंड लपवू नये, डॉक्टरांकडे जावे. वेळीच गेल्यास आहारात दुरुस्ती आणि गरज पडल्यास औषध, हे दोन्ही उपाय हाती असतात.

आता नित्याची पथ्ये. दिवसाला निदान ६० ग्रॅम प्रथिने पोटात जावी लागतात. एका अंड्यात ती सुमारे ६ ग्रॅम असतात, यावरून काम किती अवघड आहे ते ध्यानी येईल. म्हणून ताटावर बसल्यावर आधी उसळ, दही, पनीर, अंडे किंवा मासे खावेत; मग भाजी; आणि जागा उरली तर भाकरी. घास बारीक चावावा, आणि जेवताना व नंतर अर्धा तास पाणी पिऊ नये. लहान झालेले पोट भाकरीला अडवते, पण श्रीखंड, जिलेबी, शेव आणि साखरेचा चहा यांना वाट मोकळी असते. वजन पुन्हा चढते ते बहुधा याच वाटेने, दिवसभर थोडे थोडे तोंडात टाकल्याने. उपवासाची साबुदाण्याची खिचडीही नुसते पिष्टान्नच. शिवाय रोज चालणे व स्नायूंना ताण देणारा व्यायाम हवा. नाही तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

गोळ्यांविषयी विशेष सांगतो, कारण ही हेळसांड सर्वांत घातक. बी-१२ जीवनसत्त्व, लोह, कॅल्शियम आणि डी जीवनसत्त्व यांच्या गोळ्या आयुष्यभर चालू ठेवावयाच्या असतात. बी-१२ चा साठा यकृतात काही वर्षे पुरतो, त्यामुळे गोळी सोडली तरी प्रथम काहीच बिघडत नाही. पुढे हातापायांना मुंग्या येतात, विसर पडू लागतो, आणि उशीर झाल्यास नसांची हानी भरून येत नाही. शाकाहारी घरांनी तर अधिकच सावध राहावे. वर्षातून एकदा रक्त तपासावे. दिवाळीच्या सामानाच्या यादीतच ते लिहून ठेवावे. वारंवार उलट्या होऊ लागल्यास एक दिवसही दवडू नये. बायपासनंतर मद्य फार वेगाने चढते आणि त्याचे व्यसन जडण्याचा धोका वाढतो. अंगदुखीच्या नेहमीच्या गोळ्यांनी व्रण होऊ शकतो, म्हणून त्या मनाने घेऊ नयेत. स्त्रियांनी वर्ष-दीड वर्ष गर्भधारणा लांबणीवर टाकावी.

आता आपल्या पदरातला भाग. पंगतीत आग्रह करणे हे आपण आदराचे लक्षण मानतो. ‘माझ्या हातचा एक घास’ म्हणून मावशी लाडू पुढे करते. नको म्हणावे तर तिचा मान मोडतो, आणि घ्यावा तर पोट उसळते. वाढणाऱ्याचे प्रेम खरे असते, पण त्याची किंमत खाणाऱ्याला मोजावी लागते.

याहून गंभीर गोष्ट लपवाछपवीची. विवाहापूर्वी शस्त्रक्रिया झालेल्या मुलीने ती सासरी सांगू नये, असा सल्ला वडीलधारेच देतात. मग ती सर्वांदेखत गोळी घेत नाही, तपासणीस जात नाही, आणि भरले ताट संपविण्याचा प्रयत्न करते. पुढे बाळंतपणात रक्त कमी पडले, तर डॉक्टरांना कारणही ठाऊक नसते. हा दोष त्या मुलीचा आहे काय? तो आपल्या चर्चेचा, आपल्या कुजबुजीचा आहे. नागपूरचे नेते श्री. नितीन गडकरी यांची अशी शस्त्रक्रिया २०११ साली मुंबईत झाली, ती वृत्तपत्रांतून सर्वांस कळली. २०२२ मध्ये उज्जैनच्या जाहीर सभेत, आपले वजन पूर्वी १३५ किलो होते आणि आता ९३ आहे, असे त्यांनी स्वतः सांगितले. पुढाऱ्याने हे उघड बोलावे आणि आपल्या लेकीने ते माहेरच्या पेटीत झाकून ठेवावे, हा कोठला न्याय?

म्हणून समाजापुढे माझ्या तीन सूचना आहेत. आपल्या पंगतींत मागितल्यावाचून दुसऱ्यांदा वाढू नये, आणि पानात राहिलेल्या अन्नावरून कोणास बोलू नये. ज्याला थोडे हवे त्याला आरंभीच थोडे वाढावे. वधुवर मेळाव्यात ही शस्त्रक्रिया व्यंग मानू नये. चष्म्याइतक्या सहजपणे ती सांगता यावी. आणि ज्यांच्या घरी अशी व्यक्ती आहे त्यांनी तिचे वजन विचारण्याऐवजी, ‘यंदाची तपासणी झाली का?’ एवढे विचारावे.

शल्यविशारदाने दिलेले यश सांभाळणे एकट्यादुकट्याचे काम नव्हे. त्याला घराचा आणि समाजाचा हात लागतो. तो हात आपण द्याल, असा भरवसा मी बाळगतो.

जय हिंद! जय महाराष्ट्र!