सायकलीवरून खिद्रापूर

थंडीच्या दिवसांत घरच्या सगळ्यांनी सायकलीवर निघायचं असेल, तर सांगलीहून खिद्रापूरला जा. नृसिंहवाडीमार्गे जाऊन-येऊन सुमारे 80 किलोमीटर. पण कृष्णाकाठचा रस्ता सपाट. सायकलीची चांगली सवय असलेली तेरा-चौदा वर्षांची मुलं हे अंतर दिवसभरात कापतात. उजाडताच निघा.

वेग सगळ्यांत धाकट्याचा. मोठ्यांपैकी एक पुढे, एक मागे, मुलं मध्ये. तहान लागायच्या आधीच घोटघोट पाणी प्या. ऊसतोडीचा हंगाम असतो. एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या असतात. पहिली गेली म्हणून लगेच रस्त्यावर यायचं नाही, हे मुलांना निघण्यापूर्वीच सांगा.

नृसिंहवाडीला कृष्णा-पंचगंगेचा संगम पाहा, कवठाची बर्फी घ्या. मग कुरुंदवाडवरून खिद्रापूर. तिथलं कोपेश्वराचं मंदिर शिलाहारांच्या काळातलं. स्वर्गमंडपाला 48 खांब, मधोमध गोल शिळा, आणि तिच्यावर छत नाहीच, तेवढंच गोल आकाश! दमलेली मुलं तिथे आपणहून गप्प होतात. मला तो क्षण फार मोलाचा वाटतो, म्हणून इथे घाई नको. बाहेरच्या भिंतीवरचे दगडी हत्ती मुलांना मोजू द्या.

दुपारी दोनपर्यंत परत फिरलात, तर दिवेलागणीला घरी.