गॅस गेला कुठे?

वैशाखातल्या भर दुपारी नांदेडहून लोहा, अहमदपूर, चाकूर या वाटेने लातूरला निघालेल्या मोटारीचा एसी कोमट वारा सोडू लागला, म्हणजे मालक दिसेल त्या गॅरेजात शिरतो आणि बॉनेट उघडण्यापूर्वीच ‘गॅस संपला’ असा निवाडा ऐकून, मुकाट्याने पैसे मोजून बाहेर पडतो. या निवाड्यावर अपील करण्यास पुष्कळ जागा आहे.

गॅस म्हणजे पेट्रोल नव्हे. तो खर्ची पडत नाही. तोच वायू कॉम्प्रेसरमध्ये दाबला जातो, रेडिएटरपुढच्या कंडेन्सरमध्ये उष्णता टाकून द्रवरूप होतो आणि डॅशबोर्डामागच्या कूलिंग कॉइलमध्ये पुन्हा वायुरूप होताना आतल्या हवेची उष्णता शोषून घेतो. वर्षानुवर्षांत तो नळ्यांतून किंचित झिरपतो हे खरे. परंतु एका उन्हाळ्यात नाहीसा झाला, तर गळती आहे असे समजावे. त्याच्याबरोबर तेलही फिरत असल्याने, सांध्यावर तेलकट डाग आणि त्यावर धरलेली धूळ हा पुष्कळदा पहिला पुरावा ठरतो. गळती न शोधता गॅस भरणे म्हणजे फुटक्या रांजणात पाणी ओतणे.

पुष्कळदा तर गॅस निरपराध असतो. गाडी धावताना गारवा येतो आणि रेल्वेच्या फाटकाशी थांबताच जातो, अशी तक्रार असेल तर कंडेन्सरचा पंखा पाहावा, जाळी पाहावी. सोयाबीनच्या मळणीचे भूस आणि कापसाचे तंतू आपल्याकडे त्या जाळीत हमखास बसतात. पाणी हलक्या धारेने मारावे, जोराने मारल्यास पात्या मुडपतात. हवा गार पण मंद येत असेल, तर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डाच्या डाव्या खणामागे असणारा हवेचा फिल्टर काढून पाहावा. गाडीखाली स्वच्छ पाणी ठिबकते म्हणून घाबरू नये; तेच पाणी पायांशी साचले, तर निचऱ्याची नळी तुंबली आहे.

‘लातुरात हीटर कशाला?’ असे विचारणाऱ्यांनी श्रावणझडीत काचेवर आतून वाफ धरते तेव्हाची स्थिती आठवावी. तेव्हा हाताने काच पुसत न बसता एसी चालू ठेवावा, झोत काचेकडे वळवावा, उष्णता वाढवावी आणि बाहेरची हवा आत घ्यावी. एसी हवेतला ओलावा काढतो, ऊब काच कोरडी करते. वाफ बाहेरून धरली असेल, तर काच फार गार झाली आहे. गारवा कमी करून वायपर फिरवावा.

हीटरची ही ऊब इंजिनाच्या गरम कुलंटातून येते, आणि आमचे दुखणे इथेच आहे. ज्या लातुराला २०१६ च्या एप्रिलात मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले, त्या मुलखात बोअरचे क्षारयुक्त पाणी निःशंकपणे रेडिएटरमध्ये ओतले जाते. त्याचे क्षार रेडिएटरच्या आणि हीटरच्या बारीक नळ्यांत बसले, की इंजिन तापते आणि हीटर थंड राहतो. कुलंटात डिस्टिल्ड पाणीच मिसळावे. आत गोडसर वास येऊन पायाखालचा गालिचा चिकट झाला, तर हीटरची नळी फुटल्याचा संशय धरावा.

वाटेत इंजिनाच्या तापमानाचा काटा चढू लागल्यास एसी बंद करून खिडक्या उघडाव्यात आणि, वैशाख असला तरी, हीटर पूर्ण सोडावा; इंजिनाची काही उष्णता तेवढीच बाहेर पडते. प्रवासी कुरकुरतील, त्यांना कुरकुरू द्यावे. हीटरमधून थंड वारा आला, तर बहुधा कुलंटच उरलेले नाही. गाडी तत्काळ कडेला घेऊन इंजिन बंद करावे. रेडिएटरच्या टोपणाला मात्र इंजिन पुरते निवेपर्यंत हात लावू नये.