सिसिलीतील मौन आणि कायदा



इटलीतील गुन्हेगारी आणि तिचा बंदोबस्त हा आजचा विषय. इटली म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर चित्रे, पुतळे आणि भव्य देवालये उभी राहतात. पण त्याच देशाच्या दक्षिणेस सिसिली नावाचे बेट आहे आणि तेथे माफिया टोळ्यांनी शंभराहून अधिक वर्षे राज्यात राज्य चालविले. हे राज्य कशावर उभे होते? बंदुकीवर, हे उघडच आहे. परंतु बंदूकवाले मूठभर आणि भिणारे लाखो! खरा आधार होता मौनाचा. तिकडे त्याला ‘ओमेर्ता’ म्हणतात. भर बाजारात खून पडावा, पन्नास जणांनी तो पाहावा आणि पोलीस आले की कोणी काहीच पाहिलेले नसावे! साक्षीवाचून खटला उभा राहणार कसा?

हे मौन दंडुक्याने मोडता येते काय, याचा प्रयोग मुसोलिनीने करून पाहिला. १९२५ साली त्याने चेझारे मोरी या अधिकाऱ्यास पालेर्मोला धाडले. १९२६ च्या जानेवारीत मोरीने गांजी या डोंगरी गावाला वेढा घातला. पाणी तोडले, जनावरे कापली, फरारी लोकांच्या बायकामुलांना ओलीस धरले. शेकडो माणसे पकडली गेली. त्यांत अपराधी होते, तसेच निरपराधही होते. १९२९ साली माफियाचा अंत झाल्याचा डंका पिटून मोरीला परत बोलावण्यात आले. पण दुसऱ्या महायुद्धात, १९४३ साली, ती राजवट कोसळताच माफियाने पुन्हा डोके वर काढले. लोकांना टोळीची भीती होतीच, तीत सरकारच्या भीतीची भर पडली होती. दोन भीतींच्या मध्ये सापडलेला माणूस तोंड उघडत नाही.

दुसरा मार्ग कायद्याचा. पिओ ला तोर्रे या लोकप्रतिनिधीने सुचविले, की माफियाचा सभासद असणे हाच गुन्हा ठरवावा आणि त्याची पापाची मालमत्ता जप्त करावी. एप्रिल १९८२ मध्ये त्यांचा खून झाला. सप्टेंबरमध्ये पालेर्मोचे प्रिफेक्ट जनरल दाल्ला किएझा पत्नीसह मारले गेले, आणि त्यानंतर दहा दिवसांत तो कायदा संमत झाला. दोन बळी गेल्यावर संसदेला जाग आली!

हा कायदा हाती घेऊन जे तपासी न्यायाधीश कामाला लागले त्यांत जोव्हान्नी फाल्कोने आणि पाओलो बोर्सेल्लीनो अग्रभागी होते. फाल्कोने यांची रीत साधी होती. माणूस बोलत नसेल तर बँकेची वही बोलेल! धनादेश कोणी कोणाला दिला, पैसा कोठून कोठे गेला, हे ते चिकाटीने शोधत. पुढे १९८४ साली तोम्माझो बुशेत्ता नावाचा टोळीतलाच एक मातबर त्यांच्यापुढे बोलू लागला आणि संघटनेची सारी उतरंड उघडी पडली. १९८६ च्या फेब्रुवारीत पालेर्मोच्या तुरुंगालगत मुद्दाम बांधलेल्या न्यायालयात ४७५ आरोपींचा खटला उभा राहिला. डिसेंबर १९८७ मध्ये निकाल लागला. तीनशेहून अधिक जण दोषी ठरले, १९ जणांना जन्मठेप झाली. आणि शंभराहून अधिक जण पुराव्याअभावी सुटले, हेही ध्यानात घ्या. जे न्यायालय सोडू शकते, त्याच्याच शिक्षेवर लोक विश्वास ठेवतात. गांजीच्या वेढ्यात नेमके हेच नव्हते.

या न्यायाची किंमत भयंकर पडली. जानेवारी १९९२ मध्ये सर्वोच्च अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला. २३ मे रोजी कापाचीजवळ रस्त्याखालच्या स्फोटात फाल्कोने, त्यांच्या पत्नी आणि तीन रक्षक ठार झाले. १९ जुलैला बोर्सेल्लीनो आणि त्यांचे पाच रक्षक गेले. पण या वेळी पालेर्मो गप्प बसले नाही. निषेध म्हणून लोकांनी सज्जांतून पांढऱ्या चादरी टांगल्या. पुढच्याच जानेवारीत टोळीचा म्होरक्या तोतो रीना पकडला गेला.

आता एका व्यापाऱ्याची गोष्ट. लीबेरो ग्रास्सी यांचा पालेर्मोत कपड्यांचा कारखाना होता. १९९१ च्या जानेवारीत त्यांनी वर्तमानपत्रात खंडणीखोराला उघड पत्र लिहिले, की मी हप्ता देणार नाही. त्यांच्या व्यवसायबंधूंनी पाठ फिरविली. ऑगस्टमध्ये घराजवळच त्यांचा खून झाला. माफियाने त्यांना मारले खरे; पण एकटे पाडले ते शेजाऱ्यांनी! तेरा वर्षांनी, २००४ साली, त्याच शहरातील तरुणांनी खंडणीविरुद्ध चळवळ उभारली. हप्ता न देणाऱ्या दुकानांची यादी काढून ते ग्राहकांना सांगू लागले, की खरेदी येथेच करा. एकट्याचे धाडस मोडता येते. बाजारच एक झाला तर कोणाकोणाला मारणार?

माफिया संपला, असे मी म्हणत नाही. मात्तेओ मेस्सीना देनारो हा नायक तीस वर्षे फरारी राहून २०२३ साली पालेर्मोतच सापडला. इतकी वर्षे त्याला कोणीतरी आसरा दिला असेलच. म्हणजे मौन अजून पुरते फुटलेले नाही. पोलीस, वकील, न्यायाधीश हे सारे हवेतच. पण साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभे राहायचे ते नागरिकाला, आणि ते काम त्याच्या वतीने दुसऱ्या कोणाला करता येत नाही.