सल्ला आणि संमती : सिनेट मंत्र्यांना कशी पारखते?

(मंचाच्या मासिक बैठकीत केलेल्या भाषणाचा हा लिखित मसुदा. बोलण्याच्या ओघातली पुनरुक्ती काढून टाकली आहे.)



अमेरिकेत नवं सरकार आलं की जानेवारी-फेब्रुवारीत टीव्हीवर एक दृश्य हमखास दिसतं. लांब टेबलामागे एकटा उमेदवार, मागे त्याचं कुटुंब आणि समोर उंचावर बसलेले सिनेटर. आपल्यापैकी बरेच जण ते पाहतात आणि विचारतात, "लोकांनी अध्यक्ष निवडून दिला आहे ना? मग आपले मंत्री निवडायला त्याला दुसऱ्यांची परवानगी कशाला?"

भारतात वाढलेल्या माणसाला हा प्रश्न पडणं अगदी साहजिक आहे. तिकडे पंतप्रधानांनी यादी दिली की राष्ट्रपती शपथ देतात आणि मंत्री दुसऱ्या दिवशी कामाला लागतो. "तुम्हाला या खात्यातलं काय कळतं?" असं त्याला संसदेत कोणी आधी विचारत नाही. तो संसदेचा सदस्य नसला तरी चालतं, फक्त सहा महिन्यांत त्याने कुठल्या तरी सभागृहात निवडून यायला हवं. जाब विचारायचा तो नंतर. सगळं मंत्रिमंडळ लोकसभेला जबाबदार असतं, आणि बहुमत गेलं की सरकार जातं.

इथे नेमकं उलट आहे. मंत्री काँग्रेसचा सदस्य असूच शकत नाही. सिनेटरला मंत्री व्हायचं असेल तर सिनेटची जागा सोडावी लागते. अध्यक्षाचं सरकार अविश्वासाच्या ठरावाने पडत नाही. मंत्री एकदा खुर्चीत बसला की त्याला काढणं प्रत्यक्षात अध्यक्षाच्याच हातात असतं. महाभियोगाची वाट आहे, पण ती फार क्वचित वापरली जाते. म्हणून घटनाकारांनी पहारा दारातच बसवला. घटनेच्या दुसऱ्या कलमात म्हटलं आहे की अध्यक्ष नेमणुका करील त्या सिनेटच्या सल्ल्याने आणि संमतीने.

यामागचं कारण अलेक्झांडर हॅमिल्टनने १७८८ मध्ये 'फेडरलिस्ट' लेखमालेतल्या ७६व्या लेखात दिलं आहे. सिनेट फारशी नावं फेटाळणार नाही, हे त्याने तेव्हाच ओळखलं होतं. त्याचा भर वेगळ्या गोष्टीवर होता. आपण पुढे केलेलं नाव चारचौघांत तपासलं जाणार आहे हे माहीत असलं की निव्वळ गाववाले, नात्यागोत्यातले किंवा होयबा असलेले उमेदवार पुढे करायला अध्यक्षाला लाजही वाटेल आणि भीतीही. आपल्याकडे म्हणतात, जनाची नाही तर मनाची तरी बाळगावी. हॅमिल्टनने मनाच्या लाजेवर विसंबायचं नाकारलं आणि जनाच्या लाजेची सोय घटनेत केली. माझं आजचं सगळं बोलणं या एका मुद्द्याभोवती आहे: ही सोय कुठे चालते आणि कुठे बंद पडते?

आधी प्रक्रिया थोडक्यात पाहू. सिनेटच्या संमतीने भरायची पदं एकूण सुमारे १,३०० आहेत. त्यांतली १५ म्हणजे खात्यांचे मंत्री. नाव जाहीर झालं की एफबीआय पार्श्वभूमी तपासतं. उमेदवार आपली मालमत्ता, शेअर्स, कर्जं आणि उत्पन्न यांचा तपशील लिहून देतो. सरकारी नीतिमत्ता कार्यालय तो तपासतं आणि कुठले शेअर्स विकायचे, कुठल्या मंडळावरून राजीनामा द्यायचा, याचा लेखी करार होतो. मग संबंधित समितीची प्रश्नावली, सिनेटरांच्या खाजगी भेटी, जाहीर सुनावणी, सुनावणीनंतरचे लेखी प्रश्न आणि त्यांची लेखी उत्तरं, समितीचं मतदान आणि शेवटी पूर्ण सिनेटचं मतदान. नवी सिनेट ३ जानेवारीला भरते आणि अध्यक्षाचा शपथविधी २० जानेवारीला असतो, त्यामुळे सुनावण्या आधीच सुरू करता येतात. २०२५ मध्ये मार्को रुबिओ यांना शपथविधीच्याच दिवशी ९९-० मतांनी मंजुरी मिळाली.

आता निकालांकडे पाहू. आजवरच्या इतिहासात सिनेटने प्रत्यक्ष मतदान करून मंत्रिपदासाठी नाकारलेल्या व्यक्ती फक्त नऊ. पहिले १८३४ मधले रॉजर टॉनी आणि शेवटचे १९८९ मधले जॉन टॉवर. मधल्या काळात केलेब कुशिंग यांचं नाव १८४३ मध्ये एकाच दिवशी तीनदा फेटाळलं गेलं! टॉवर तर स्वतः माजी सिनेटर, आणि ज्या समितीने त्यांची चौकशी केली तिचे माजी अध्यक्ष. दारूच्या सवयीचे आरोप आणि संरक्षण कंत्राटदारांशी असलेले संबंध यांवरून त्यांचं नाव ४७ विरुद्ध ५३ मतांनी पडलं.

मला स्वतःला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते १९५९ मधलं लुईस स्ट्रॉस यांचं प्रकरण, कारण त्यात शास्त्रज्ञांचा आवाज मोलाचा ठरला. स्ट्रॉस अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष असताना, १९५४ मध्ये, रॉबर्ट ओपेनहायमर यांची सुरक्षा परवानगी रद्द झाली होती. आयझेनहॉवर यांनी स्ट्रॉसना वाणिज्यमंत्री केलं, तेही आधी सिनेटच्या सुट्टीत नेमून. सुनावणीत डेव्हिड हिल हे भौतिकशास्त्रज्ञ साक्षीला आले आणि त्यांनी स्पष्ट सांगितलं की देशातल्या बहुसंख्य शास्त्रज्ञांना स्ट्रॉस सरकारात नकोच आहेत. समितीत ९ विरुद्ध ८ असे ते कसेबसे वाचले, पण पूर्ण सिनेटमध्ये ४६ विरुद्ध ४९ असे पडले. ओपेनहायमर यांच्यावरचा तो निर्णय ऊर्जा खात्याने अखेर २०२२ मध्ये रद्दबातल केला. तेव्हा ओपेनहायमर यांना जाऊन ५५ वर्षं झाली होती. म्हणजे एका संस्थेची चूक दुरुस्त व्हायला जवळजवळ सत्तर वर्षं लागली, पण तिच्या प्रमुखाला जाब मात्र पाच वर्षांत विचारला गेला. तो विचारायची जागा होती सिनेटची सुनावणी.

नऊ हा आकडा पाहून कोणी म्हणेल की मग ही परीक्षा म्हणजे नुसता देखावा आहे. तसं नाही. जे नापास होणार असतात त्यांतले बहुतेक परीक्षेला बसतच नाहीत. १९९३ मध्ये क्लिंटन यांच्या अ‍ॅटर्नी जनरलपदाच्या उमेदवार झोई बेअर्ड यांनी माघार घेतली, कारण त्यांनी कागदपत्रं नसलेलं जोडपं घरकामाला ठेवलं होतं आणि त्यांचा सोशल सिक्युरिटी कर भरला नव्हता. २००९ मध्ये टॉम डॅशल लाखाहून अधिक डॉलरच्या थकलेल्या करापायी गेले. २०१७ मध्ये अँड्र्यू पझ्डर गेले. नोव्हेंबर २०२४ मध्ये मॅट गेट्झ यांनी नाव जाहीर झाल्यापासून आठच दिवसांत माघार घेतली. हॅमिल्टनची लाज-भीती चालते ती इथे, मतदानाच्या आधी आणि बव्हंशी कागदावर.

पण ती चालायला एक अट आहे. निदान काही सिनेटरांना पक्षापेक्षा सभागृह मोठं वाटलं पाहिजे. नोव्हेंबर २०१३ मध्ये डेमोक्रॅटिक बहुमताने नियम बदलला आणि सर्वोच्च न्यायालय सोडून बाकी नेमणुकांवरची चर्चा थांबवायला ६० ऐवजी साधं बहुमत पुरेसं ठरवलं. आपण प्रागतिक लोकांनी तेव्हा टाळ्या वाजवल्या, कारण अडवणूक खरीच होत होती. पण नियम दोन्ही बाजूंना सारखेच लागू होतात. फेब्रुवारी २०१७ मध्ये बेट्सी डेव्हॉस ५१-५० ने शिक्षणमंत्री झाल्या. मंत्रिपदासाठी उपाध्यक्षाचं निर्णायक मत लागण्याची ही पहिलीच वेळ. जानेवारी २०२५ मध्ये पीट हेगसेथ तसेच ५१-५० ने संरक्षणमंत्री झाले. विरोधकांचं एकही मत न घेता मंत्री होता येतं हे कळल्यावर, विरोधकांना पटेल असं नाव शोधण्याची गरज उरत नाही.

आता ज्या प्रकरणामुळे हा विषय मी आज घेतला, त्याकडे येतो. रॉबर्ट केनेडी ज्युनिअर यांचं नाव आरोग्यमंत्रिपदासाठी आलं तेव्हा सगळ्यांचं लक्ष लुईझियानाचे सिनेटर बिल कॅसिडी यांच्याकडे होतं. ते रिपब्लिकन, पण पेशाने डॉक्टर आणि यकृताच्या आजारांचे तज्ज्ञ. हिपॅटायटिस-बीच्या लसीकरणाचं काम त्यांनी स्वतः केलेलं. सुनावणीत त्यांची अस्वस्थता स्पष्ट दिसत होती. अखेर त्यांनी होकार दिला आणि समितीत नाव १४-१३ ने पुढे गेलं. सिनेटमधल्या भाषणात त्यांनी आपल्याला मिळालेली आश्वासनं वाचून दाखवली. लसींविषयीच्या सल्लागार समितीच्या शिफारशी जशा आहेत तशा राहतील, हे त्यांतलंच एक. १३ फेब्रुवारी २०२५ रोजी ५२-४८ मतांनी मंजुरी मिळाली. रिपब्लिकनांमधून विरोधात मत दिलं ते एकट्या मिच मॅकॉनेल यांनी. त्यांना लहानपणी पोलिओ झाला होता.

पुढे काय झालं? जून २०२५ मध्ये त्या समितीचे सगळे १७ सदस्य एका फटक्यात काढून टाकण्यात आले. नोव्हेंबरमध्ये सीडीसीच्या संकेतस्थळावर 'लसींमुळे ऑटिझम होत नाही' हे शीर्षक तेवढं ठेवलं, त्याला एक तारांकित चिन्ह जोडलं आणि खाली खुलासा दिला की सिनेट समितीच्या अध्यक्षांशी झालेल्या समझोत्यामुळे हे शीर्षक काढलेलं नाही. मजकूर मात्र शीर्षकाच्या उलट. डिसेंबरमध्ये नव्या समितीने, ज्यांच्या आईला संसर्ग नाही अशा नवजात बाळांना जन्मतःच सरसकट हिपॅटायटिस-बीची लस देण्याची शिफारस मागे घ्यावी, असं बहुमताने ठरवलं. ज्या रोगाविरुद्ध कॅसिडींनी आयुष्य घालवलं, तोच.

प्रयोगशाळेत आपण कुणाच्या शब्दावर निष्कर्ष छापत नाही. आकडे दाखवा म्हणतो. सिनेटच्या सुनावणीत दिलेला शब्द कायद्याने बांधणारा नसतो. शपथेवर खोटं बोलणं गुन्हा आहे, पण "मी असं करीन" म्हणून नंतर न करणं हा गुन्हा नाही. नीतिमत्ता कार्यालयाशी झालेला करार पाळला की नाही हे तपासण्याची व्यवस्था आहे. सिनेटरला दिलेल्या आश्वासनाला तशी कुठलीच व्यवस्था नाही. मत देऊन झालं की सिनेटरच्या हातात तक्रारीशिवाय फारसं काही उरत नाही. तेव्हा संमती देताना हातचं काहीही राखून ठेवता येत नसेल, तर आश्वासनांपेक्षा उमेदवाराचा आजवरचा इतिहास तपासणं हेच शहाणपणाचं.

दुसरी पळवाट म्हणजे सिनेटला वळसा घालून 'हंगामी' मंत्री नेमणं. १९९८ च्या कायद्याने त्याला मुदत आणि अटी घातल्या आहेत. हा मुद्दा आपल्या अगदी घरातला आहे. नोव्हेंबर २०१९ पासून चॅड वुल्फ हे होमलँड सिक्युरिटीचे हंगामी मंत्री होते. ऑगस्ट २०२० मध्ये काँग्रेसच्या लेखापरीक्षण कार्यालयाने त्यांची नेमणूक नियमबाह्य ठरवली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या फेडरल न्यायाधीशांनी लहानपणी इथे आणलेल्या मुलांच्या संरक्षणावर वुल्फ यांनी घातलेली बंधनं याच कारणाने अवैध ठरवली. जानेवारी २०२१ मध्ये एच-१बीची लॉटरी पगाराच्या क्रमाने लावण्याचा नियम निघाला होता. तोही सप्टेंबर २०२१ मध्ये कॅलिफोर्नियाच्या न्यायालयाने रद्द केला, कारण नियम काढणारा मंत्रीच रीतसर नेमलेला नव्हता. २०२५ च्या अखेरीस तशाच धर्तीचा नियम पुन्हा आला, या वेळी सिनेटने मंजूर केलेल्या मंत्र्यांच्या काळात. म्हणजे संमतीची पद्धत आपल्याला नावडत्या धोरणापासून वाचवत नाही. बेकायदा हाताने राबवलेल्या धोरणापासून ती वाचवते, आणि तेही थोडंथोडकं नाही.

शेवटी थोडं आपल्या समाजाविषयी. कुणा भारतीय वंशाच्या व्यक्तीचं नाव पुढे आलं की आपल्या इनबॉक्समध्ये अभिनंदनाच्या मेल्सचा पाऊस पडतो. निकी हेली, निरा टंडन, काश पटेल, जय भट्टाचार्य ही नावं आठवा. त्यांची मतं परस्परविरोधी, पण मेल्सचा मजकूर तोच! हॅमिल्टनने ज्याची लाज वाटावी म्हटलं होतं, त्यांत 'आपल्या प्रांताचा' हे पहिलंच कारण होतं. आडनाव वाचून आनंद व्हायला हरकत नाही, पण त्यानंतर कागदपत्रंही वाचावीत.

मग आपण करायचं काय? आपला सिनेटर कुठल्या समितीवर आहे हे माहीत करून घ्या. नाव पूर्ण सिनेटपुढे येण्याआधी, समितीच्या टप्प्यावरच त्याच्या कार्यालयाला फोन करा. त्यासाठी नागरिकत्व लागत नाही, ग्रीन कार्डवाल्यांनीही करावा. "विरोध करा" एवढंच सांगू नका, उमेदवाराला विचारण्यासारखा एक नेमका लेखी प्रश्न द्या. आपल्यात डॉक्टर आहेत, इंजिनिअर आहेत, हिशेब तपासणारे आहेत. असे प्रश्न आपल्याला सुचतात, सिनेटरच्या पंचविशीतल्या सहायकाला सुचतीलच असं नाही. डेव्हिड हिलही निवडून आलेले नव्हते. त्यांना आपलं क्षेत्र माहीत होतं आणि ते साक्षीला गेले.

आणि मंजुरी मिळाल्यावर सुनावणीचा वृत्तांत फेकून देऊ नका. सहा महिन्यांनी, वर्षाने तो काढा, दिलेला शब्द आणि केलेलं काम शेजारी शेजारी मांडा, आणि ज्या सिनेटरने त्या शब्दावर मत दिलं त्याला ते पाठवा. मंत्र्याला पुन्हा निवडून यायचं नसतं. सिनेटरला दर सहा वर्षांनी यायचं असतं. जनाची लाज लागू करायची तर ती तिथे करता येते.